मला ऐका

वांग्यांची पिशवी या हातातून त्या हातात घेत असताना सीतालक्ष्मीला मागून कुणीतरी मराठीत हाक मारली. "अहो ताई, एक मिनिट." कुंभकोणमच्या पेरिय तेरू या मोठ्या रस्त्यावर, पितळी भांड्यांच्या दुकानांच्या रांगेत, सकाळी साडेनऊला मराठी हाक म्हणजे चमत्कारच. मराठी तिच्या घरात होतं, नात्यातल्या पंधरावीस घरांत होतं, पण ते उंबऱ्याच्या आत. पायात चप्पल अडकवली की तमिळ सुरू. आत्ताच कोइमतूरहून रम्याचा फोन येऊन गेला होता. मुलीचा फोन, म्हणून तो तिनं रस्त्यातच घेतला होता आणि ते बोलणं या बाईच्या कानावर गेलं होतं. बाई पन्नाशीची, पाठीवर सॅक, डोक्यावर उन्हाची टोपी. मागे तिचा नवरा मोबाइलवरचा नकाशा उलटसुलट फिरवत उभा. "तुम्ही मराठीच बोलत होता ना? म्हणजे, मराठीच ना ते?" बाईनं विचारलं. आपण साताऱ्याचे, देवळं बघायला आलोय, असंही सांगून टाकलं. सीतालक्ष्मीला एकदम आनंद झाला. बासष्टाव्या वर्षी, गुडघे ठणकत असताना, भर रस्त्यात आनंद व्हावा असं तिच्या आयुष्यात हल्ली फारसं काही घडत नव्हतं. "मराठीच," ती म्हणाली. "आम्ही एथलेच. तीनशें वर्षं झालीं येऊन. मला ऐका कीं. मज अस्कं ठाऊक." आणि ती थांबली. "हो हो, ऐकते ना," बाई म्हणाली, आणि तीही थांबली. दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. बाईनं मान जराशी कलती करून कान पुढे केला होता. सीतालक्ष्मीनंही केला होता. मधून एक मोपेड गेली, भांडीवाल्यानं एक घंगाळ खणकन खाली ठेवलं, तरी दोघींपैकी कुणी बोलेना. शेवटी बाईच्या चेहऱ्यावरचं कौतुक हळूहळू उतरलं. "बरं, येतो हं आम्ही, छान वाटलं भेटून," असं म्हणून ती नवऱ्याच्या दंडाला धरून चालू लागली. चार पावलांवर नवऱ्यानं वळून पाहिलं. म्हातारीचं डोकं ठिकाणावर नाही, असंच काहीतरी त्याला सांगण्यात आलं असणार.

ऑटोत बसल्यावर तिला उलगडा झाला, आणि आधी हसू आलं. घरच्या मराठीत ऐकणं म्हणजे विचारणंसुद्धा. तमिळमध्ये दोन्हीला एकच शब्द, त्या शब्दाच्या शेजारी तीनशे वर्षं राहून मराठीनंही ती सवय उचललेली. पोस्टात जाऊन ऐकून ये, त्याचा पत्ता कुणाला तरी ऐक, असंच लहानपणापासून तोंडात बसलेलं. ती त्या बाईला म्हणत होती, मला विचारा, मला सगळं ठाऊक आहे. बाईला वाटलं, ही म्हणतेय मी सांगते ते ऐका. ती प्रश्नाची वाट बघत राहिली, बाई उत्तराची. हे घरी जाऊन सुंदररावांना सांगायला हवं, असं तिच्या मनात आलं, आणि तिथंच हसू थांबलं. ऑटो महामहम तळ्याच्या कोपऱ्यावर वळत होती. तळ्याच्या पायऱ्यांवर कुणी कपडे वाळत घातले होते. सुंदरराव गेले चौदा महिने रोज दुपारी तिला एक शब्द म्हणत होते. "ऐक." तो शब्द चौदा महिने तिनं साताऱ्याच्या बाईसारखाच घेतला होता, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं. रिक्षावाल्याला तिनं थांब म्हटलं, मग नको, चल म्हटलं. त्यानं आरशातून तिच्याकडे पाहिलं. आज सगळेच आपल्याकडे असे बघताहेत, असं तिला वाटलं.

सुंदरराव तिचे पती. कावेरीच्या पोटकालव्यांवर छत्तीस वर्षं काढलेले इंजिनिअर. कुठला दरवाजा कधी उघडायचा, किती इंच उघडायचा, हे ठरवायची सवय माणसाला लागली की ती घरीही येते. लग्नाच्या पंगतीत वाढप्यानं सीतालक्ष्मीला अजून भात हवा का असं विचारलं, की "नको तिला" हे उत्तर शेजारच्या पानावरून यायचं. वाईट माणूस नव्हता. मारलं नाही, टाकून बोलला नाही, तिची नोकरी सोडवली नाही. ती मुलींच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवत होती. तिथं चाळीस मुलींना ती प्रश्न विचारी, आणि घरी आली की तिची उत्तरं दुसऱ्याकडे तयार असत. सवयीचा भाग झाला होता तो, त्यात सुखही होतं थोडं, खोटं कशाला बोला. मग गेल्याच्या आधीच्या मार्गळी महिन्यात, डिसेंबरच्या थंडीत, एका सकाळी ते न्हाणीघरात पडले. उजवी बाजू गेली, आणि तिच्याबरोबर तमिळ गेलं आणि इंग्रजी गेलं. असं होतं, तंजावूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, लहानपणी सगळ्यांत आधी शिकलेली भाषा कधीकधी तेवढी उरते. उरली तीही मूठभर, दहाबारा शब्द, आणि त्यांतले रोजचे एवढेच. होय. नको. पाणी. रम्या. तूं. आणि ऐक. फिजिओथेरपीला सोमवार-गुरुवारी वैद्यनाथ म्हणून एक तरुण येतो, चांगला मुलगा आहे, तमिळमधून अगदी आर्जवानं सांगतो की सर, हा हात वर करा. आणि सर त्याच्याकडे आवाज बंद केलेल्या टीव्हीकडे बघावं तसे बघत राहतात. मग सीतालक्ष्मी मराठीतून सांगते, हात वर करा, आणि हात एक इंच वर होतो.

पुस्तकं रम्यानं दिली. पहिलं तर हॉस्पिटलातच, अतिदक्षता विभागाबाहेरच्या लोखंडी खुर्चीवर, आईच्या मांडीवर ठेवलं. "वाच आई. यांत कांहीं होत नाहीं," ती म्हणाली होती, आणि ते अक्षरशः खरं होतं. जपानी कादंबरी, इंग्रजीत आणलेली. मुखपृष्ठावर खिडकी, खिडकीत उजेड, उजेडात मांजर. सीतालक्ष्मीच्या लेखी जपान म्हणजे फळ्यावर काढायला सर्वांत त्रासदायक देश: चार मोठी बेटं, हजारो बारकी, भूकंप, रेशीम, मासेमारी, आणि काढून होईपर्यंत तास संपायचा. त्या देशात माणसंही राहतात आणि त्यांना उदास वाटतं, हे तिनं तीस वर्षांत कधी शिकवलं नव्हतं. पुस्तकात डोंगरातलं एक गाव होतं आणि गावात सार्वजनिक स्नानगृह. स्नानगृहाच्या म्हाताऱ्या मालकिणीनं दाराशी पुस्तकांचं कपाट ठेवलेलं; अंघोळीला या, जाताना एखादं पुस्तक न्या, परत कधी द्यायचं ते तुमचं तुम्ही बघा. शहरातून एक थकलेली मुलगी येते. मालकीण तिला काहीच विचारत नाही. कुठून आलीस नाही, का रडतेस नाही. तिच्या ओल्या केसांकडे बघते, कपाटातलं एक पुस्तक काढून हातात देते, आणि ते नेमकं तिलाच हवं असलेलं निघतं. मुलगी दोन ओळी रडते, मग तिला भूक लागते, मग ती गरम काहीतरी खाते. पुढचं पुस्तक एका फेरीबोटीवरच्या कपाटाचं होतं, त्याच्या पुढचं एका बंद पडलेल्या टपाल कचेरीतल्या वाचनालयाचं. सगळ्यांत कुणीतरी थकून येतं, आणि सगळ्यांत त्याला न विचारता ओळखलं जातं. एक संपलं की रम्या दुसरं पाठवी. ही वाचून मन शांत होतं असं लोक म्हणतात म्हणे. सीतालक्ष्मीचं मन शांत व्हायचं नाही. ते खाली बसायचं, एवढंच. पण बसायला मिळणं हेही त्या दिवसांत कमी नव्हतं. तिला कुणी काही विचारत नव्हतंच, आणि ओळखतही नव्हतं. निदान पुस्तकात कुणीतरी कुणालातरी ओळखत होतं.

दुरून डोंगर साजरे, हेही तिला कळत होतं. त्या पुस्तकांत म्हातारी माणसं पुष्कळ असतात, पण त्यांना कुणी धुवत नाही. कुणी कुणाला पलंगावरून उचलून खुर्चीत बसवत नाही, बसवताना कुणाच्या कंबरेत कळ येत नाही, चादर दिवसातून तीनदा बदलत नाही. म्हातारे लोक चहा करतात, शहाणं बोलतात आणि सहाव्या प्रकरणात झोपेत जातात. तिचा दिवस पाचला सुरू होई. अंग पुसणं, लुंगी बदलणं, तोंडात पातळ पेज घालणं, त्यातली निम्मी हनुवटीवरून टिपणं. नऊला खालच्या मजल्यावरची धनलक्ष्मी तासभर येऊन बसे, तेवढ्यात सीतालक्ष्मी बाजारात जाऊन येई. त्या तासातली यायची-जायची वीस मिनिटं सोडली तर चाळीस मिनिटं तिची स्वतःची. वांगी ती निवडून घ्यायची, एकेक वांगं दोनदा उलटून बघायची, घाई नसल्यासारखी. कधी काही घ्यायचं नसलं तरी केळीच्या पानांच्या दुकानाशी उभी राहायची. ती चाळीस मिनिटं म्हणजे तिचं कुंभकोणम. देऊळ नाही, तळं नाही, तीनशे वर्षं नाहीत. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं नव्हतंच.

पुस्तक मोठ्यानं वाचायचं डोकं तिचंच. घरी आणल्यावर दुपारच्या तीन वाजता सुंदरराव छताकडे डोळे लावून पडलेले, शेजारी ती पुस्तक घेऊन बसलेली, आणि एकटीनं वाचताना चोरून खाल्ल्यासारखं वाटे. म्हणून तिनं वाचायला सुरुवात केली, इंग्रजी वाक्य डोळ्यांनी आणि घरचं मराठी तोंडानं. या मराठीत कधी कुणी पुस्तक लिहिलेलं तिला माहीत नव्हतं. लोणच्याला शब्द होते, भांडणाला होते, श्राद्धाच्या स्वयंपाकाला तर ढिगानं होते. पण डोंगरातल्या संध्याकाळी वाटणाऱ्या हुरहुरीला नव्हता. ती म्हणे, मन बरं नाहीं तिचं. बर्फ पडायला लागला की घरच्या मराठीची पंचाईत व्हायची, तिच्यात कधी बर्फ पडलाच नव्हता, मग इंग्रजीतलं आइस घेऊन आभाळातून ऐस पडे. पुस्तकांचं दुकान झालं पुस्तकांचं कडै, जपानी सुपाचं झालं सार, आणि स्नानगृहाची मालकीण, एवढी मितभाषी बाई, सीतालक्ष्मीच्या तोंडून "अगो ये गो, बैस, पाणीं ऊन आहे" म्हणू लागली. मालकीण मेली तेव्हा मात्र सीतालक्ष्मी वाचता वाचता थांबली. पलंगावरच्या माणसासमोर मरण कसं वाचायचं. "मग काय झालं," ती न अडखळता म्हणाली, "म्हातारी उठून आपल्या बहिणीकडे गेली. तिरुप्पनंदाळला." सुंदररावांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत काहीतरी होतं, बहुधा चेष्टा. छत्तीस वर्षं सरकारी अहवाल वाचलेल्या माणसाला खोटं प्रकरण ओळखता येतं. तिनं पुस्तक मिटलं तेव्हा ते म्हणाले, "ऐक."

तो पहिला. त्यानंतर रोज. ती थांबली की, पान उलटायला लागली की, पुस्तक मिटून उठायला लागली की. "ऐक." तिला वाटलं, यांना म्हणायचं आहे ऐकतो. मी ऐकतोय, वाच पुढे. शब्दाची शेपटी त्यांना जमत नव्हती, क्रियापदं तुटून येत होती, तेव्हा असं वाटणं चुकीचंही नव्हतं. आणि तसं वाटण्यात किती सोय होती. तिनं सगळ्यांना सांगितलं. वैद्यनाथला सांगितलं, धनलक्ष्मीला सांगितलं, की यांना पुस्तकं फार आवडतात, सोडतच नाहीत. रम्याला तर फोनवर रोज. कारण रम्या दुसऱ्याच महिन्यापासून म्हणत होती की कोइमतूरला चला. तिच्याकडे चौदाव्या मजल्यावर घर होतं, पण लिफ्ट होती; इथं दुसराच मजला, पण लिफ्ट नव्हती, आणि चौदा महिन्यांत सुंदरराव खाली उतरले नव्हते. तिथं रोजची थेरपी होती, बोलायला शिकवणारं माणूस होतं, दिवसपाळीला परिचारिका होती. सीतालक्ष्मीचं उत्तर ठरलेलं. "अप्पांस नको गो. त्यांचा जीव एथें आहे. हलवलीस तर जगायाचे नाहींत." रम्यानं एकदोनदा म्हटलं, अप्पांना ऐकलीस का. त्यावर ही म्हणे, ऐकायाला कशाला पाहिजे, मज ठाऊक नाहीं? आणि पुस्तकातली माणसं आठवायची. न विचारता ओळखणं हीच माया, असं सगळ्या बेटांवर एकमतानं ठरलेलं होतं. आता रम्यानं शेवटचं सांगितलं होतं. शनिवारी ती येणार, तोवर नक्की काय ते सांगायचं. नाही म्हणाल तर तिथली बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडची जागा दुसऱ्याला जाईल, आणि डॉक्टरांच्या मते उशीर आधीच पुष्कळ झाला आहे. सकाळचा फोन त्याचाच होता. आज बुधवार.

ती जिना चढून आली तेव्हा धनलक्ष्मी दाराशीच उभी होती, झोपलेत म्हणाली आणि गेली. झोपले नव्हते. सीतालक्ष्मीनं पिशवी ठेवली, पाणी प्याली, आणि पलंगाकडे न बघता स्वयंपाकघरात गेली. वांगी चिरताना तिच्या मनात येत होतं की शब्दाचे दोन अर्थ आहेत, यांचा कुठला ते कुणी सांगावं. ऐक म्हणजे ऐकसुद्धा. वाच पुढे, असंच असेल. डॉक्टर म्हणाले होते की कधीकधी ही माणसं एकच शब्द सगळ्याला वापरतात. मग तिला वर्गातल्या त्या मुली आठवल्या, ज्यांना उत्तर माहीत असायचं आणि हात वर करून करून ज्यांचा दंड दुखून यायचा, आणि बाई मुद्दाम दुसरीकडे बघायच्या. अशा किती मुलींकडे तिनं बघितलं नव्हतं, तास संपवायचा होता म्हणून. फोडणी जरा जळली. जेवण भरवताना ते तिच्याकडे बघत होते आणि ती चमच्याकडे. औषधं दिली, कूस बदलली, पाठीला पावडर लावली. त्यांची पाठ अजून रुंद होती, कालव्याच्या बांधावर उन्हातान्हात उभं राहिलेल्या माणसाची. ती उचलताना तिला रोज राग यायचा आणि रोज त्या रागाची लाज वाटायची. आज फक्त थकवा आला. विचारलं तर ते काय म्हणतील? त्यांच्या जागी आपण काय म्हणू, हे तिला दुपारच्या दोन वाजेपर्यंत नीट कळलं होतं. छताकडे बघत चौदा महिने पडलेला माणूस काय म्हणणार. तिला कळलं होतं ते कदाचित रम्या पहिल्यांदा चला म्हणाली तेव्हाच. म्हणून तर विचारलं नव्हतं.

तीनला तिनं पुस्तक उघडलं. टपाल कचेरीचं, शेवटची वीस पानं उरली होती. कुणीतरी कुणालातरी न पाठवलेलं पत्र सापडलं होतं, आता ते पोहोचणार होतं आणि सगळं ठीक होणार होतं. तिनं अर्धं पान वाचलं. "मग तो पोस्टांतला तात्या म्हणाला, कीं," ती थांबली. तात्या काय म्हणाला ते समोर छापलेलं होतं, इंग्रजी सोपं होतं, पण तिला ते वाक्य उचलवेना. ही सगळी पुस्तकं तिला एकाएकी नको झाली, जसं तापात गोड नको होतं तसं. तिनं पुस्तक मांडीवर पालथं घातलं.

"ऐक," सुंदरराव म्हणाले.

"काय ऐकूं?" तिनं विचारलं. आवाज तिचाच तिला परका वाटला. "कॉफी पाहिजे?"

"नको."

"पंखा मोठा करूं? पाठ दुखते?"

"नको. नको." त्यांनी डोळे मिटून घेतले. कपाळावर आठी आली, ती जुनी, साइटवर कुणी मूर्खासारखा प्रश्न विचारला की यायची ती. सीतालक्ष्मीला वाटलं, झालं, संपलं, विचारून बघितलं की आपण. आता पुस्तक उचलावं आणि ती वीस पानं संपवून टाकावीत. पण ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवणार. रस्त्यात उभी राहिलेली साताऱ्याची ती बाई निदान एका मिनिटात निघून गेली होती. हा माणूस उठून जाऊ शकत नव्हता.

"कोइमतूरला जायाचं कां तुम्हांस?" ती म्हणाली. "रम्येकडे?"

"होय," ते म्हणाले. इतक्या चटकन की तिचा प्रश्न अजून तोंडात होता.

"हें घर सोडून? कुंभकोणम् सोडून? मग परत यायाला मिळेल कीं नाहीं, ठाऊक नाहीं."

"होय."

"तिथें कोणी आपलं माणूस नाहीं. सारखे डॉक्टर. खिडकींतून कांहीं दिसायाचं नाहीं, आभाळ मात्र."

"होय, होय, होय!" त्यांनी डाव्या हातानं गादीवर थाप मारली. चेहऱ्याची चांगली बाजू लालबुंद झाली होती. एवढा वेळ, तो हात म्हणत होता. एवढा वेळ घेतलास. सीतालक्ष्मी खुर्चीत मागे टेकली. तिला वाईट वाटलं, आणि ते वाईट वाटणं स्वच्छ होतं, त्यात कुठली सबब मिसळता येत नव्हती. चौदा महिने तिनं एका माणसाला चाळीस मिनिटांसाठी पलंगावर ठेवलं होतं. केळीच्या पानांसाठी. वांग्यांसाठी. आणि वर त्याला गोष्टी वाचून दाखवल्या होत्या, मायाळू, सगळ्यांचं भलं होणाऱ्या, एकामागून एक, म्हणजे त्याला मधे बोलायला फट राहू नये. जपानातल्या कुठल्याही डोंगरावर असल्या बाईसाठी पुस्तक असेल असं तिला वाटेना. माफी मागावी की काय ते तिला कळेना. त्यांच्या घरात नवराबायकोनं एकमेकांची माफी मागायची पद्धत नव्हती, शब्दच नव्हता हाताशी. "सेरि," ती म्हणाली. "बरं, जाऊं मग." आणि असं म्हणताना तिला चौदाव्या मजल्यावरची ती खोली दिसली, रम्यानं फोनवर दाखवलेली, दोन पलंग शेजारी शेजारी, एकाला कठडा. दुसरा तिचा. तिथं परिचारिका होती, पण रात्र तिचीच होती, रविवार तिचा होता, आणि नऊ वाजता जिना उतरून जायला रस्ता नव्हता. तिच्या डोळ्यांना धार लागली. तिनं ती पुसली नाही, पुसायलाही कंटाळा आला होता.

सुंदरराव बघत होते. मग त्यांनी तोंड हलवलं, एकदा, दोनदा, शब्द दातांशी आणून पुन्हा हरवला, पुन्हा आणला.

"तूं?" ते म्हणाले.

"मी काय?"

"तूं?" या वेळी जोरात, भुवई वर करून. प्रश्न होता तो, चुकायला जागा नव्हती. अडतीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न त्यांनी तिला विचारला नव्हता. तिच्या वाटचं उत्तर देण्याइतके शब्द आज त्यांच्याकडे नव्हते, म्हणूनही असेल. तिच्या तोंडात वाक्य तयार होतं, पिढ्यान् पिढ्या वापरून गुळगुळीत झालेलं, माझं काय, तुम्हीं तेथें मी. ते म्हणायला काहीच कष्ट नव्हते. ती तोंड उघडून बसून राहिली आणि ते वाक्य बाहेर पडेना.

"मज यायाचं नाहीं," ती म्हणाली. एकदा म्हटल्यावर पुढचं आपोआप आलं, नळ सोडल्यासारखं. "मी थकलें. तुमचं करून करून थकलें. उचलून थकलें, पुसून थकलें. सकाळीं डोळे उघडले कीं तुमचं तोंड, मिटले कीं तुमचं तोंड. कंटाळलें मी तुम्हांला. मला एकटीला राहायाचं आहे. थोडे दिवस तरी. मला माझा भात मीच वाढून घ्यायाचा आहे." खाली रस्त्यावर स्वामीमलैच्या बसचा कंडक्टर गावांची नावं ओरडत गेला. आता हे रडतील, असं तिला वाटलं. आजारापासून ते लवकर रडत. किंवा तोंड भिंतीकडे करतील, आणि मग आपण म्हणू की नाही हो, तसं नाही, येते मी. तिनं ती तयारीही केली.

"मी पण," सुंदरराव म्हणाले.

तिला समजलं नाही. "तुम्हीं पण काय? थकलांत?"

"होय."

"कंटाळलांत?" ती पुढे वाकली. "कोणाला? मला?"

"होय," ते म्हणाले, शांतपणे, स्पष्ट, कुठलं अक्षर न गळता. चांगल्या बाजूचा ओठ वर गेला होता. सीतालक्ष्मीला हसू आलं. तोंडावर हात न धरता, खालच्या मजल्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ती हसली, आणि त्यांच्या घशातूनही तुटक आवाज निघाला, हसण्याचाच. हलकं वाटलं तिला, फार हलकं. आणि त्या पाठोपाठ भीती वाटली, की आता हा माणूस खरोखरच जाईल.

ती भीती वाढायच्या आत तिनं फोन लावला. रम्या ऑफिसात होती, तिनं पहिल्याच घंटेला उचलला. "आई, काय झालं? अप्पांस काय झालं?"

"कांहीं झालं नाहीं. शनिवारीं गाडी आण. अप्पा येतात."

पलीकडे एक मोठा श्वास सुटला. "अय्यो, बरं झालं आई. तुमचीं औषधं, तुझ्या साड्या, अस्कं मी..."

"अप्पा येतात," सीतालक्ष्मी म्हणाली. "मी नाहीं."

रम्या म्हणाली, "काय बोलतेस आई? अप्पांस एकटं धाडतेस? लोक काय म्हणतील? अप्पांस हें ठाऊक आहे?" सीतालक्ष्मी खुर्चीवरून उठली, आणि तिनं फोन पलंगाकडे, त्यांच्या तोंडाशी धरला.

"होय," सुंदरराव म्हणाले. मग तेवढ्यानं भागणार नाही असं वाटून, मान उचलून, गळ्याच्या शिरा ताणून, कोइमतूरपर्यंत पोहोचावं असं ओरडले, "होय!" मान पुन्हा उशीवर पडली. त्यांना धाप लागली होती. सीतालक्ष्मीनं एका हातानं त्यांची हनुवटी पुसली आणि दुसऱ्या हातानं फोन कानाला लावला. पलीकडे मुलगी रडत होती, तिला रडू दिलं. ते थांबल्यावर म्हणाली, "तीन दिवस आहेत. त्यांच्या लुंग्या, औषधं, चष्मा, मी बांधून ठेवतें. माझं कांहीं बांधायाचं नाहीं."